तेरवीतला वाढपी

अमडापूरच्या बाजाराला गेलो होतो. एका अंगणात तेरवीची पंगत बसली होती आणि वाटेवरच्या माणसांनाही हाका मारून बसवत होते. मीही बसलो. वाढणारा सुतार असावा. कानावर पेन्सिल तशीच होती, आणि वाकडी मांडलेली पत्रावळ दिसली की बुंदी वाढण्याआधी तो ती सरळ करी. आग्रह असा, की लग्नाची पंगत वाटावी.

"कोण गेलं?" मी हळूच विचारलं.

"मीच," तो हसत म्हणाला. "उद्या आगबोट धराले मुंबईले निघून राह्यलो. आफ्रिकेत रेल्वेचे डबे बनवाचं काम हाय. पगार चांगला, राहाले पक्की खोली. पन तिथं मेलो त इथं कोनाले समजन? म्हून तेरवी उरकूनच जातो. घ्या, बुंदी घ्या."

मी हातातला घास पानात परत ठेवला. बाकीची पंगत मात्र खुशाल जेवत होती.

तेवढ्यात त्याची बायको कुंकवाचा करंडा घेऊन दारात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मंग मी आता कुकू लावू का पुसू?"

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली, आणि मी नको नको म्हणत असताना माझ्याच पानात बुंदी वाढत राहिला.