रिव्हर्स नसलेली फियाट

कोकिळाअक्का पारोळ्याहून एकट्याच निघाल्या, तेव्हा मेकॅनिकनं बजावलं होतं, "अक्का, फियाटला रिव्हर्स पडत नाही. वळायला जागा नसेल तिथं शिरू नका." एसटीत कंडक्टरकी करून रिटायर झालेल्या बाईला हे कोण सांगणार! त्यात दीर म्हणाले होते, "बाईमाणसानं वाइनचा कारखाना बघायला जायचं?" मग तर जायचंच.

धुळं, मालेगाव मागं पडलं. दिंडोरीच्या पुढं रस्ता चिंचोळा झाला. एका अंगाला द्राक्षांचे मांडव, दुसऱ्या अंगाला तुडुंब कालवा. आणि समोरून क्रेट लादलेला ट्रक.

"ओ बाई, मागं घ्या!" ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. इकडं फियाटचा काटा लाल रेघेला टेकला होता, बॉनेटमधून वाफ येत होती. इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू होईल याचा भरवसा नव्हता.

अक्का हँडब्रेक ओढून उतरल्या. रागात त्यांची अहिराणी सुटायची. "ती मांगे जात नही, भाऊ! तूच ले मांगे."

"मागचं दिसत नाही. कालव्यात घालू का ट्रक?"

अक्कांनी पर्समधून जुनी शिट्टी काढली आणि त्या ट्रकच्या मागं उभ्या राहिल्या. "येऊ दे... येऊ दे..." चाक काठापासून वीतभर राहिलं तशी शिट्टी कडाडली. ट्रक जागीच थांबला, मग सरळ होऊन मागं मागं जात द्राक्षमळ्याच्या फाटकात शिरला.

रस्ता मोकळा झाला. फियाटमध्ये बसताच अक्कांचा हात सवयीनं वर घंटीच्या दोरीकडं गेला. दोरी कुठली! त्यांनी तोंडानंच "टण टण" केलं आणि पहिला गिअर टाकला.