टॅबवरचे अध्यक्ष

सेवेत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, बहुतेक विसरलो. टॅबचा तो गुन्हा मात्र अजून मनातून जात नाही.

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. तिथल्या एका शिक्षणसंस्थेने बारावीच्या मुलींना अभ्यासासाठी टॅब दिले होते. मंडप, फेटे, तुतारी, सगळे झाले. टॅब सुरू केला की आधी संस्थेच्या अध्यक्षांचा हसरा फोटो येई आणि तो काढता येत नसे. पुढे टॅब पुरवणारी कंपनी बंद पडली आणि तिच्या पासवर्डशिवाय टॅब उघडेनात. पडद्यावर उरले अध्यक्ष आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट.

एके दिवशी हजेरी चालू असताना निनावी फोन आला. "स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात संस्थेचे टॅब फोडत्यात." मागोमाग संस्थेची लेखी तक्रार आली. पंच घेऊन गेलो. दुकान एका फौजीच्या बायकोचे. तिथले आणि मुलींकडचे टॅब जप्त करून तिला ठाण्यात आणले.

"चोरीचं सॉफ्टवेअर कुठनं आणलंस, बाई?" हवालदाराने दरडावले.

"चोरीचं कशाला, आवं? फुकटच हाय ते. वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, असा परवानाच हाय त्येचा. कंपनीनं बी तेच घेतलं, कुलूप घातलं अन् वर अध्यक्षांचा फोटो डकवला. मी कुलूप अन् फोटो काढला, मुलींचा अभ्यास सुरू झाला. कुणाचं काय गेलं?"

सायबर शाखेने तपासून तेच सांगितले. मग तक्रार कशासाठी? संस्थेच्या व्यवस्थापकाला बसवून घेतले. चहा संपेपर्यंत तो नियम सांगत होता, नंतर बोलला. अध्यक्षांच्या वाढदिवसाला मुलींना टॅब डोक्यावर धरून मैदानात उभे केले होते, वरून ड्रोन फिरवला होता. अध्यक्षांचा चेहरा एकाही टॅबवर दिसला नाही.

"एकीच्या टॅबवर तर चिरलेल्या बेडकाच्या पोटाची आकृती होती, साहेब. अध्यक्षांना लय लागलं."

ती बेडकाची मुलगी वडिलांना घेऊन ठाण्यात आली होती. तिला नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायची होती. घरात दुसरे साधन नव्हते. टिपणे, आकृत्या, सगळे त्या टॅबमध्येच.

"सर, परीक्षेच्या आत मिळंल न्हवं?"

"मिळेल," मी म्हणालो.

गुन्हा घडलेला नाही, असा अहवाल मी पाठवला. न्यायालयाने तो मान्य केला आणि मुद्देमाल मालकाला परत देण्याचा आदेश दिला. मालक संस्था. संस्थेने सगळ्या टॅबमधले होते नव्हते ते पुसून ते मूळ स्थितीत आणले. मूळ स्थिती म्हणजे फोटो आणि कुलूप. कायद्याने सगळे बरोबर झाले होते. गुन्हा झाला नाही हे सिद्ध करता येते. नुकसान झाले हे कुठे नोंदवायचे, ते मला निवृत्त होईपर्यंत कळले नाही.

टॅब पुन्हा समारंभाने वाटले. 'सहकार्याबद्दल' शाल-श्रीफळ देऊन मलाही मंचावर बसवले. नाव पुकारल्यावर ती मुलगी वर आली. टॅब घेतला आणि तिथेच सुरू केला. अध्यक्ष हसले. तिने चौकटीवर बोट ठेवले, मग माझ्याकडे पाहिले.

"सर, उघडंना की."

खाली टाळ्या चालू होत्या.