दोन वाजताच्या शिट्ट्या

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीच मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. भिंगाखाली दिसत नाही ते नाहीच, असं म्हणणारा मी डॉक्टर. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण वय झालं, आता पोटात किती दिवस ठेवू?

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. अमरावतीत एका दवाखान्याच्या मागे, कौलारू खोलीत आमची लॅबोरेटरी होती. काम क्षयाचं. रोग्याचा बेडका गिनीपिगला टोचायचा, सहा आठवडे थांबायचं, मग तो कापून आत गाठी दिसतात का बघायचं. तोवर रोगी बिचारा कशाला थांबतोय!

गिनीपिगांची देखभाल गुलाबकडे होती. अकोल्याचा माळी, माझ्याच वयाचा, जेमतेम चार बुकं शिकलेला. रोज दुपारी दोनला तो बाजारातून कोबीचा पाला घेऊन यायचा. त्याची पावलं वाजली की सगळ्या पिंजऱ्यांतून बारीक शिट्ट्या सुरू! तोच पाला मी नेला तर एकही तोंड उघडत नसे. तुम्ही हसाल, पण मला राग यायचा. नागपूरहून डॉक्टरी शिकून आलो मी, आणि मान कुणाला? तर पालेवाल्याला.

एकदा तो म्हणाला, "डाक्टरसाहेब, तीन नंबरचा बोलून नाई राहिला. त्याले बिमारी लागली." वजन तर चांगलं भरत होतं. मी उडवून लावलं. पण कापला तेव्हा आत गाठी निघाल्या. पुढेही तेच — शिट्टी बंद झालेला प्राणी हमखास क्षयाचा, आणि तेही तिसऱ्या आठवड्यातच कळायचं. म्हणजे निदानाचा निम्मा वेळ वाचत होता. आमच्या साहेबांनी गुलाबची पाठ थोपटली आणि मला पेपर लिहायला सांगितला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढी साधी गोष्ट मला का सुचू नये?

दिवाळीनंतर गुलाबच खोकायला लागला. अकोल्याला त्याच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्याला उठवत नव्हतं.

"पेपरात माहं नाव टाकसान ना?" त्यानं विचारलं. "मायले दाखवीन."

मी हो म्हणालो. आठ दिवसांत तो गेला.

पेपरासाठी शेवटची तुकडी तपासायची राहिली होती, आणि माझ्यासाठी तर कुणी शिट्टी घालणार नव्हतं. खोलीत कपाळाला हात लावून बसलो होतो. दुपारचे दोन झाले. दार उघडं, बाहेर लख्ख ऊन, चिटपाखरू नाही... आणि सगळे गिनीपिग दाराकडे तोंड करून शिट्ट्या घालू लागले. सवय असेल, म्हटलं. म्हणून जुने सगळे तिथून हलवले आणि मुद्दाम नागपूरहून नवे बारा आणवले. त्यांना पाला सकाळीच घालायचो. गुलाबला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दोनला तोच प्रकार!

घाबरलो म्हणावं तर तसंही नाही. खरं सांगतो, जळलो. मेल्यावरही याचंच कौतुक?

तरी त्या बारांना बेडके टोचले आणि रोज दोनला वही घेऊन बसलो. जे गप्प झाले त्यांचे नंबर टिपले. एकही चुकला नाही. पेपर पुरा झाला. वर नाव टाकलं एकट्याचं, माझं.

नागपूरच्या सभेत तो वाचला. टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या सर्जननं विचारलं, "पण हे प्राणी शिट्टी घालतात कुणाला पाहून?"

"मला पाहून," मी म्हणालो.

परत आलो. खोलीत दहा नवे गिनीपिग होते, कशालाही न टोचलेले, धडधाकट. दोन वाजले, अडीच, तीन... आवाज नाही. दुसऱ्या दिवशी नाही, महिनाभर नाही. साहेब म्हणाले, तुझ्या पेपराप्रमाणे हे दहाही क्षयाचे. सहा आठवड्यांनी साहेबांसमोरच ते कापले. एकातही गाठ निघाली नाही. तो पेपर पुन्हा कुणी वाचला नाही, आणि रोगी पुढेही सहा-सहा आठवडे वाट पाहत राहिले.

शिट्ट्यांचं स्पष्टीकरण मला आजही सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा. इथे तरी गुलाबचं आडनावासकट पूर्ण नाव छापून यावं, म्हणूनच खरं तर लिहायला बसलो होतो. लिहिलं... आणि खोडलं. त्याचं स्पष्टीकरण मात्र मला माहीत आहे.