लीलाबाईंचं शटर

वर सुनेचा, प्रणालीचा, कुकर शिट्टी देत होता आणि खाली शटरवर धडाधड थापा पडल्या.

"अम्मा, मी गफ्फार! कटर घेऊन आलो."

लीलाबाई आत खाटेवरच बसल्या होत्या. गॅरेजची त्यांच्यासाठी खोली झाली होती; शटर कापून तिथे भिंत बांधायची, एवढंच काम उरलं होतं.

पातूरजवळचं गाव सोडून त्या अमरावतीला मुलाकडे, नितेशकडे आल्या, तेव्हा त्यांना वरची खोली मिळाली. खोली झकास होती, पण गुडघ्यांना जिना झेपेना. दोन उन्हाळे त्यांनी गल्लीतल्या कुरड्या वरूनच वाळताना पाहिल्या. इथं एकीच्या घरी कुरड्यांचा चीक शिजला की साऱ्या जणी हात लावायला जमतात. पण त्यासाठी जिना चढून बोलवायला कोण येणार?

मग नितेशनं मोठी गाडी घेतली. ती गॅरेजात मावेचना. सगळे त्याला हसले, पण प्रणालीनं तेवढ्यात ठरवून टाकलं, "आईंची खोली आता खालीच." उतार भरून फरशी बसली, बाथरूम झालं, कूलरला खिडकी निघाली. भिंतीचा विचारही तिचाच, सासूला रस्त्याची धूळ नको म्हणून. सुनेनं एवढं मनापासून केलेलं, त्यात खोट कशी काढायची? लीलाबाईंना मात्र शटरच हवं होतं.

गफ्फारभाईनं माप घ्यायला शटर पार वर ढकललं. ऊन थेट खाटेपर्यंत आलं. समोर अंगण झाडणाऱ्या सुंदराबाई हातातल्या खराट्यासकट आत शिरल्या.

"अवो लीलाबाई! मले वाटलं, तुमी गावाले गेल्या!"

"गावाले कायच्या? दोन वर्सं तुमच्या डोक्यावरच तं बसून होती!"

"मंग चाला. चीक शिजला माहा. गुडघे गेले तं गेले, हात तं शाबूत हायेत ना?"

"चालनं व्हत नाही म्हणून तं खाली आली, बाई."

"मंग चीकच आणतो इथं!"

बघता बघता पातेलं आलं, सोऱ्या आला, पाठोपाठ चार बायका आल्या. पूर्वी गाडी उभी राहायची त्या जागेवर प्लास्टिक अंथरलं गेलं. लीलाबाई खाटेच्या कडेला बसून सोऱ्या दाबू लागल्या आणि खाली पांढरी वेटोळी पडू लागली. गफ्फारभाई उलट्या बादलीवर बसून तेल घातलेला गरम चीक खात होते.

"अम्मा, कापू का नको? का असाच खात बसू?"

चहा घेऊन आलेली प्रणाली दारातच थबकली. तिनं कुरड्या पाहिल्या, शटर पाहिलं, सासूचा चेहरा पाहिला.

"आई, तुमाले भिंत नको होती? बोलल्या काहून नाही?"

"तू इतकं केलं, माय. आणखी कोन्त्या तोंडानं सांगू?"

"याच!" प्रणाली हसत सुटली. "गफ्फारभाई, राहू द्या शटर. आतून सरकतं दार लावून घेऊ."

लीलाबाईंनी हात पदराला पुसले आणि वर गुंडाळलेल्या शटरकडे बघितलं.

"मंग भाऊ, त्याले चांगलं तेल द्या. रोज सकाळी मले माह्या हातानं उघडता आलं पायजे."