सदर महिलेस प्राप्त झालेले संरक्षण

श्रीमती वसुमती सीतारामराव, वय एकसष्ट, राहणार ओरत्तनाडूजवळ, जिल्हा तंजावर. भातजमीन चार एकर. न्यायालयाच्या दफ्तरी अर्जदार, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या दफ्तरी थकबाकीदार. ट्रॅक्टर एक, लाल, कंपनीकडे तारण. न्यायालयाच्या अंतरिम आदेशान्वये सदर ट्रॅक्टर परवानगीवाचून कोणीही उचलून नेऊ नये, असे संरक्षण सदर महिलेस प्राप्त.

या संरक्षणासाठी वसुमतीनं तंजावरला बसच्या अकरा खेपा घातल्या. कालव्याला पाणी आलं होतं. दसरा झाला की चिखलणी, आणि ती ट्रॅक्टरवाचून होणार नव्हती. आदेश हाती पडला तो नेमका सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी. पूजेच्या दिवशी पुस्तकं, कागद, अवजारं सगळी पूजेत मांडायची आणि दुसऱ्या दिवशीच्या पुनःपूजेपर्यंत काही वाचायचं नाही, काही चालवायचं नाही, ही घरची वहिवाट. तिनं आदेशाला हळदकुंकू लावून तो पंचांगाखाली ठेवला. ट्रॅक्टर धुतला, चंदन फासलं, हार घातला. त्या दिवशी तालुक्यातला एकूण एक ट्रॅक्टर असा नटून अंगणात उभा असतो, हे वसुलीवाल्यांनाही ठाऊक असतं. त्यांची ती सुगी.

दुपारी कंपनीचा वसुलीवाला सुंदर आला. कपाळभर विभूती, मागे एक माणूस. आल्यागेल्याला सुंडल, म्हणजे हरभऱ्याची खोबरं घातलेली उसळ, द्यायची, म्हणून तिनं त्यालाही द्रोण दिला. तो चाटूनपुसून संपवून सुंदर म्हणाला, "मीठ कमी पडलं, अम्मा," आणि खिशातून कंपनीकडची दुसरी किल्ली काढून माणसाकडे फेकली.

"कोर्टाचा आदेश आहे," वसुमती म्हणाली.

"असेल तर दाखवा की."

देवघराच्या दारात तिचे यजमान सीतारामराव आडवे उभे. निवृत्त मास्तर. "वसु, उद्या पुनःपूजा होऊ दे. आज कागदाला हात नाही लावायचा."

"आणि तो ट्रॅक्टरला लावतोय, ते चालतं तुम्हाला?"

चाळीस वर्षांत जे केलं नव्हतं ते तिनं केलं. त्यांना बाजूला सारलं, पंचांग उचललं, आदेश ओढून काढला आणि सुंदरच्या नाकासमोर धरला.

सुंदरनं हात जोडून डोळे मिटले. "आज मी अक्षर वाचत नाही, अम्मा. सरस्वतीचा दिवस. ऑफिसात आणा."

"आणि काम चालतं होय रे?"

"काम तो करतोय. मी नुसता उभा आहे."

तिला राग आला नाही, शिसारी आली. तिच्याच घरचं खोबरं त्याच्या दाताला चिकटलं होतं.

ट्रॅक्टर हारासकट गेला. दुसऱ्या दिवशी दसरा, ऑफिस बंद. तिसऱ्या दिवशी तिथल्या कारकुनानं आदेश सावकाश वाचला, "अगदी बरोबर आहे," म्हणाला आणि पोचेचा शिक्का मारून दिला. पोलिसांनी बाब दिवाणी असल्याचं सांगितलं. न्यायालयानं आदेशभंगाची गंभीर दखल घेऊन कंपनीकडून खुलासा मागवला व पुढली तारीख दिली. त्यानंतर आणखी एक.

आदेश आजही लागू आहे. ट्रॅक्टर पुदुकोट्टैला विटा ओढतो.