फोमचं चिलखत आणि माझी मावशी

मावशी काल गेली.

पण मी तिला दोन वर्षांपूर्वी एकदा मेलेलं पाहिलंय. चांगली दहा मिनिटं. त्या वेळी माझ्या अंगात फोमचं चिलखत होतं, हे सांगितलं की लोक आधी हसतात.

मीही हसत हसतच सांगायचे. आज नाही जमणार.

मला तेव्हा कॉस्प्लेचं, म्हणजे गेम-सिनेमातल्या पात्रांसारखा वेश करायचं, खूळ लागलं होतं. नागपूरला स्पर्धा होती, आणि माझ्याच डोक्यातली एक लढणारी बाई बनून जायचं होतं मला. व्हिडिओ बघून बघून स्वतःला एक्स्पर्ट समजत होते. अमरावतीच्या राजापेठेतून लहान मुलांच्या खेळायच्या फोमच्या चटया घेतल्या, गुंडाळल्या आणि मे महिन्यात अकोल्याला मावशीकडे जाऊन पडले.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. एकटी राहायची, घरीच ब्लाऊज शिवायची. चाळीस वर्षं. बाई दारातून आत आली की टेप न लावता माप कळायचं तिला.

चटई तिने दाबून पाहिली.

"याचं काय शिवू वं मी? हे तं बसाचं हाय."

"शिवायचं नाही, चिकटवायचं. चिलखत करायचंय."

"घालून कुठी जातं, लढाईले?"

पण दुसऱ्या दिवशी ब्लाऊजची सगळी कामं बाजूला पडली. छातीचा भाग तिने कटोरी ब्लाऊजसारखा बेतला, आणि खरं सांगते, इतका सुरेख बसलेला मी एकाही व्हिडिओत पाहिला नव्हता. पाठीवर कापडाची पट्टी चिकटवून तिने हुक लावले. बाह्या मात्र सवयीने कापल्या, खांद्यापासून मनगटापर्यंत अख्ख्या.

मलाही सुचलं नाही. कापड वाकतं. एवढा जाड फोम वाकत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ट्रायल. बाहेर ऊन रणरणत होतं म्हणून दार-खिडक्या बंद. सोल्युशनवर धूळ बसते म्हणून कूलरही बंद. खोलीत चपला चिकटवायच्या त्या सोल्युशनचा वास नुसता कोंडला होता.

मावशीला शुगर होती. गोळी घेतली होती, जेवली नव्हती. मी म्हटलं, आधी जेवून घे.

"एवढे हुक लावतो, मंग जेवतो."

तिने पाठीचे हुक लावले. फोमचे जाड हातमोजे चढवले, हेल्मेट दाबून बसवलं. माझे दोन्ही हात बुजगावण्यासारखे आडवे. मला नीट बघायला ती दोन पावलं मागे सरकली. कपाळावर घाम होता.

"मले कसंतरीच..."

आणि खाली बसली. बसली कसली, पडली.

मी हाका मारल्या. ती हलेना.

माझे कोपर वाकत नव्हते. तिच्याजवळ वाकायला गेले तर छातीचा फोम गळ्यात रुतला. पाठीचे हुक मला काढता येणार नव्हते, आणि ज्या बाईला ते काढता आले असते ती फरशीवर पडली होती. फोन समोर टेबलावर होता. त्या जाड बोटांनी स्क्रीन काही केल्या उघडेना.

मी भ्याले. इतकी मी कधीच भ्याले नव्हते. डोक्यात एकच चाललं होतं, वासाने मेली. माझ्या खुळापायी मेली. आईला काय सांगू.

दाराची कडी मनगटाने ठोकून ठोकून सरकवली. गल्लीत चिटपाखरू नाही. शेजारच्या काकूंचं दार लाथेने वाजवलं. त्यांनी उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळून धाडकन लावून घेतलं.

त्यांची काय चूक. पण त्या बंद दारासमोर मी जी रडले ती रडले.

"काकू, मी प्राजू आहे वं. मावशी पडली. मावशी मेली."

आवाजावरून ओळखलं त्यांनी. तशाच धावत आल्या. मावशीचा हात धरला. गार पडलेला, घामाने ओला.

"जेवली होती काय हे?"

"नाही."

"शुगर उतरली हिची," म्हणत काकू स्वयंपाकघरात पळाल्या. साखरेचा डबा आणला आणि चिमूट चिमूट साखर तिच्या हिरड्यांना चोळत राहिल्या. मी बाजूला उभी. मला बसताही येत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मावशीने डोळे उघडले. समोर मी, हात पसरून, हेल्मेटच्या आत रडत.

"कोपरापाशी कापाले पायजे होतं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने बाह्या नीट केल्या. मी तो सूट परत अंगात घातला नाही. स्पर्धेलाही गेले नाही. मावशी चिडली. "माही सारी मेहनत वाया घालवली ना वं." तो सूट नुसता दिसला तरी मी तोंड फिरवायचे.

त्यानंतर अमरावतीहून रोज फोन. सकाळी अकरा, संध्याकाळी सात.

"जेवली काय?"

"जेवली ना वं माय. ताटाचा फोटू पाठवू काय?"

"पाठव."

मी गंमत करत नव्हते. ती खरंच पाठवायला लागली. वरण-भात, भाकर, अंबाडीची भाजी. फोटो नाही आला की मी काकूंना फोन करून पिडायचे. आई म्हणायची, तुलाच डॉक्टरला दाखवायला पाहिजे. असेलही.

काल फोटो आला होता. वेळेवर. जेवून दुपारी आडवी झाली आणि झोपेतच गेली. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले.

मी पोचले तेव्हा काकू तिच्या उशाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, काकू, फोटोसाठी फार छळलं हो मी तिला.

काकू म्हणाल्या, "कामात असली का ते जेवाचं विसरेच. पण साडेदहा वाजले का मशीन बंद करे. म्हणे, तिकडं पोरगी भेऊन बसली असन, तिच्यासाठी खातो दोन घास."

दोन वर्षं मला वाटत होतं, मी तिची काळजी घेते आहे.

मावशी, आज अकरा वाजून गेले. मी फोन हातात घेऊन बसले आहे आणि मला अजून भीती वाटते आहे.

श्रद्धांजली वगैरे लिहायला हात उचलत नाही.

जा मावशी. सावकाश जा.

तुझी प्राजू