ज्याचं तोंड पाहिलं नाही तो सीनियर

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस आहे मी. आमचं बौद्ध घर, बाबा आष्टीला विज्ञानाचे शिक्षक. कोणाच्या गळ्यात ताईत दिसला तरी त्यांचं डोकं फिरतं. मीही त्यांच्याच वळणावर गेलोय, त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय... पण यंदा ॲडमिशन झालेल्या एका पोरानं ग्रुपवर विचारलं, "होस्टेलमध्ये काय काय पाळावं लागते?" म्हणून लिहितो.

वर्ध्याला बोरगाव मेघेच्या पुढं आमचं कॉलेज. नाव सांगत नाही. होस्टेलच्या मागं तारेचं कुंपण, त्याला लागून सोयाबीनचं शेत. रॅगिंग कागदोपत्री बंद, पण एक 'रीत' होती — थर्ड बटन. सीनियर समोर आला की मान खाली घालायची आणि स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटनाकडे पाहायचं. फ्रेशर्स पार्टी होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहायचंच नाही. पाहिलं की मेलात! गंमत म्हणजे थोड्याच दिवसांत आम्ही सीनियर लोकांना पायांवरून ओळखायला लागलो. कोणाची कोल्हापुरी, कोणाच्या अंगठ्याचं काळं नख.

माझा रूम पार्टनर प्रवीण, आर्वीकडच्या रोहण्याचा. लाजरा पोरगा, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. पलंग अजून आले नव्हते, म्हणून आम्ही दोघं खाली गादी टाकून झोपायचो.

त्या रविवारी तो उठला तोच पोट धरून. "पोट लय दुखून राह्यलं बे. घास गियल्या जात नाई." मेसवाल्याला चार शिव्या घालून मी त्याला ओवा दिला. नाश्त्यानंतर अंगणातल्या कडुलिंबाखाली इंट्रो होता — सगळ्या सीनियर लोकांसमोर नाव, गाव आणि होस्टेलचं गाणं. प्रवीण म्हणाला, "तू जाय, मी पडतो जरासा."

मी जिना उतरत होतो. सगळे खाली जमलेले, त्यांचा गलका वर ऐकू येत होता. होस्टेल रिकामं. तेवढ्यात वळणावर आवाज आला —

"थर्ड बटन!"

मान आपोआप खाली गेली. समोर दोन पाय, अनवाणी. वर वाळलेली काळी माती. हे पाय माझ्या ओळखीचे नव्हते.

"तुहा पार्टनर कुठी हाय?"

"रूमवर, सर. पोट दुखते त्याचं."

"त्याच्या तोंडाकडे पाह्यलं का तू?"

मला प्रश्नच कळेना. "नाई, सर..."

"मंग जाय. त्याच्या डोयाकडे पाह्य. पयत जाय!"

हा पण ज्युनियरला पळवायचाच प्रकार असेल असं वाटलं, पण त्या आवाजात मस्करी नव्हती. मी उलटा पळालो.

प्रवीण भिंतीला टेकून बसला होता, मान छातीवर. हनुवटी धरून तोंड वर केलं, तर पापण्या अर्ध्या मिटलेल्या. "डोळे उघड ना बे!" उघडेचनात. बोलायला गेला तर जीभ जड, तोंडातून लाळ. बापरे... ओरडत सुटलो. लिंबाखालचे सगळे धावत आले. एका सीनियरनं बाइक काढली, मध्ये प्रवीण, मागून मी त्याला कवटाळलेलं.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी पापण्या पाहिल्या आणि एकच विचारलं, "खाली झोपला होता का?"

मण्यार चावली होती. तिचा दंश झोपेत कळतही नाही म्हणे, कधी कधी खूणही सापडत नाही. श्वास थांबायलाच आला होता. नळी घातली, व्हेंटिलेटरवर ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "अजून जरा उशीर झाला असता तर..."

वाचला. वाचला हो प्रवीण! नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात त्यानं मलाच विचारलं, "तो दादा कुठी गेला?"

"कोणता दादा?"

"तू गेल्यावर आलता. 'झोपू नको, झोपू नको' करून राह्यलता. तू येईपर्यंत माह्या हात धरून होता."

अरे, मी खोलीत शिरलो तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं! आणि तो तर जिन्यावर माझ्याशी बोलत होता...

"दिसायला कसा होता?"

"पाह्यलं नाई. थर्ड बटन म्हने तो."

त्याची आई बाजूलाच बसली होती. दुसऱ्या दिवशी ती होस्टेलवर आली, हातात डबा. "कोन्तं पोरगं होय, मले दाखव. त्याच्या पाया पडतो मी." सगळे सीनियर लायनीत उभे राहिले. ती एकेकासमोर जाऊन तोंडाकडे पाहायची. प्रत्येक जण तेच म्हणाला, "मी नाई, काकू. आमी सारे लिंबाखाली होतो." खरंच होते, इंट्रोच्या व्हिडिओत सगळे दिसतात. बाहेरचा कोणी कुंपणातून आला असेल असं धरू. पण खोलीबाहेर न पडलेल्या प्रवीणचं त्याला कळलं कसं? आणि एकाच वेळी दोन ठिकाणी? बाबांनी हजार तर्क लढवले, एकही बसला नाही.

शेवटी काकू माझ्यासमोर आल्या. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"जीव वाचवनाऱ्याच्या तोंडाकडेबी पाह्यचं नाई? कायची रीत होय रे हे तुमची?"

ज्युनियर, सीनियर, आम्ही सगळेच मान खाली घालून उभे होतो.